मधला भाग का रेंगाळतो?

पटकथा आणि संकलनाविषयी वाचकांचे प्रश्न. या वेळी आलेली बरीच पत्रं विज्ञानकथा-मालिकेच्या मधल्या भागाबद्दल आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) : आम्ही चौघांनी 45-45 मिनिटांच्या तीन भागांची विज्ञानकथा लिहिली आहे. डिसेंबरात, पाऊस नसताना, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी चढायला लागतं. पाणीपातळीची नोंद ठेवणाऱ्या नायिकेच्या हे आधी लक्षात येतं. पहिल्या भागाच्या शेवटी पाणी 38 फुटांवर असतं, दुसऱ्याच्या शेवटी 42 वर. दुसऱ्या भागात ती चार कार्यालयांत जाते, कुणी ऐकत नाही. मग एका खासगी प्रयोगशाळेची माणसं तिला उचलून शिरोली एमआयडीसीतल्या गोदामात कोंडतात, ती सुटते, पुन्हा सापडते. पाणी सजीव आहे आणि त्याला नदीच्या वरच्या अंगाला जायचं आहे, हे तिसऱ्या भागात कळतं. वाचनाला बसलेल्यांना पहिला आणि तिसरा भाग आवडला, दुसऱ्यात मात्र सगळे मोबाइल बघायला लागले. खरं तर सगळ्यात जास्त पळापळ त्यातच आहे. मग चुकतंय कुठं?

उत्तर : पळापळ भरपूर आहे, पण पळून कुणी कुठं पोचत नाही. नायिका मोकळी, मग कोंडलेली, मग मोकळी, मग पुन्हा कोंडलेली. एक चाचणी करून बघा. पहिल्या भागानंतर थेट तिसरा वाचायला घ्या आणि मध्ये फक्त एवढंच सांगा : ‘तिला कोंडून ठेवलंय, पाणी 42 फुटांवर आहे.’ तुमच्या कथेचं एवढ्यावर भागतं. 45 मिनिटांचा भाग एका ओळीत मावत असेल तर संवाद कितीही चटपटीत करा, तो रेंगाळणारच.

असं का झालं तेही तुमच्या पत्रात दिसतंय. ‘पाणी सजीव आहे’ हे सगळ्यात मोठं गुपित तुम्ही तिसऱ्या भागासाठी राखून ठेवलंत. ते राखायचं ठरलं की मधल्या भागात नायिकेला महत्त्वाचं काही कळूच देता येत नाही. मग तिला अडवून धरायला कारकून लागतात, गोदाम लागतं, पहारेकरी लागतात. पहिला भाग प्रश्न टाकतो, तिसरा उत्तर देतो, आणि दुसऱ्याच्या वाट्याला फक्त उत्तर लांबवायचं काम येतं.

आमचं स्पष्ट मत असं की हे गुपित दुसऱ्या भागाच्या मध्यावर फोडा, विसाव्या ते चोविसाव्या मिनिटाच्या दरम्यान. मग तिसऱ्यासाठी काय उरलं, ही भीती प्रत्येक लेखकाला वाटते. तुमच्याकडे तर भरपूर उरतं. पाण्याला वर जायचंय. प्रयाग चिखलीच्या संगमावरून त्यानं भोगावतीची वाट धरली तर पुढं राधानगरीचं धरण आडवं येतं. त्याला वाट करून द्यायची की तिथं अडवायचं, आणि वाट दिली तर खालच्या गावांचं काय? ‘हे काय आहे?’ या एकाच प्रश्नावर दोन भाग तग धरत नाहीत. ‘याचं काय करायचं?’ यावर तिसरा भाग दणकट उभा राहतो.

आता प्रत्यक्ष काम. दुसऱ्या भागातला प्रत्येक प्रसंग एकेका कार्डावर लिहा. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरलं तर 45 पानांत 28 ते 32 प्रसंग येतील. प्रत्येक कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रसंग सुरू होतानाची स्थिती लिहा, खालच्या कोपऱ्यात संपतानाची. चारच गोष्टी बघायच्या : कुणाला काय माहीत आहे, कुणाचा वरचष्मा आहे, हातात वेळ किती आहे आणि मागं फिरायला वाट उरली आहे का. चारही जागच्या जागी असतील तर कार्ड पालथं टाका. तुमच्या चार कार्यालयांपैकी तीन कार्डं अशीच पालथी पडतील, कारण चारही ठिकाणी उत्तर एकच, ‘नाही’. एक कार्यालय ठेवा, पण तिथला साहेब तिच्यावर विश्वास ठेवू दे. विश्वास ठेवतो म्हणूनच तो नोंदवही तिच्या हातातून काढून घेतो आणि कपाटात घालून कुलूप लावतो. आता तिच्याकडे पुरावा नाही, आणि बातमी भलत्याच माणसाला कळली आहे. नकारापेक्षा हा होकार कथेला जास्त ढकलतो.

गोदामाचा प्रसंगही बदला. तिला उचलून नेऊ नका, तिनं स्वतःहून जाऊ दे. पाण्याचा नमुना आणि मोजण्याची साधनं प्रयोगशाळेकडे आहेत, तिच्याकडे आता काहीच नाही, म्हणून ती त्यांच्या गाडीत बसते. गोदामात 200 लिटरचं निळं प्लॅस्टिकचं बॅरल आहे, वरून कापलेलं, नदीच्या पाण्यानं काठोकाठाला थोडं कमी भरलेलं. ती वाकून बघते. एका बाजूला पाणी दुसरीपेक्षा दोन बोटं वर आहे. जमीन तिरकी असेल म्हणून ती खाली बघते. फरशी सपाट आहे. ती काठावर खडूनं खूण करते.

‘बॅरल फिरवा जरा.’

हमाल बॅरल काठाला धरून जागच्या जागी अर्धं फिरवतो. खडूची खूण पलीकडे जाते. पाणी मात्र पहिल्याच दिशेला वर.

‘फिरवलं की ओ ताई. पाणी तिकडंच चढायलंय.’

‘तिकडं काय आहे?’

‘पश्चिम. चिखलीकडची बाजू.’

एवढंच ठेवा. शास्त्रज्ञाला लगेच बोलायला लावू नका. प्रेक्षकाला आधी स्वतः कळू दे आणि दहा सेकंदांनी नायिकेला कळू दे. प्रसंग फार तर अडीच पानांचा. पाण्याखालून मोटर लावायची गरज नाही; बॅरल थोडं कलतं ठेवून कॅमेराही तेवढाच, त्याच बाजूला कलता धरला की बॅरल सरळ आणि पाणी तिरकं दिसतं, पण मागच्या उभ्या वस्तू कलतात आणि लबाडी उघडी पडते. म्हणून बॅरलमागे कोरी भिंत घ्या, फ्रेममध्ये दरवाजा, खांब, लटकणारी वायर येऊ देऊ नका, किंवा हा एकच शॉट ग्राफिक्सवर सोपवा.

घड्याळ तुम्हाला फुकट मिळालंय आणि ते नीट वापरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 ही धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी 38 वरून 42 वर जातं म्हणजे 39 चा टप्पा तुमच्या दुसऱ्याच भागात येतो. तो नुसत्या संवादात उरकू नका. दहाव्या मिनिटाच्या आसपास आणा आणि त्याला परिणाम द्या : आंबेवाडी-चिखलीची माणसं जनावरं सोडवून घेऊन बाहेर पडायला लागली, डिसेंबरच्या थंडीत. पाणी एकसारखं चढवू नका. समान वेगानं चढणारा आकडा तिसऱ्या वेळी कानावरून जातो. 41 वर ते सहा तास थांबू दे. गावाला वाटतं सुटलो, लोक घरी परतायला निघतात, आणि एकट्या नायिकेला घाम फुटतो, कारण ओसरणारं पाणी आणि वाट बघणारं पाणी यातला फरक तिला बॅरलपाशी कळलेला आहे. दुसऱ्या भागातला हा सगळ्यात ताणाचा तुकडा होईल आणि त्यात कुणीही पळत नाही. एक काळजी घ्या. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी यायला पातळी 43 च्या बरीच वर जावी लागते. महामार्ग बंद होणं तिसऱ्या भागासाठी ठेवा. आपल्याकडचा प्रेक्षक अशी चूक माफ करत नाही.

शेवट जिवाच्या धोक्यावर करू नका. पुढचा भाग आहे म्हणजे नायिका वाचणार, हे सगळ्यांना माहीत असतं. तिच्या निर्णयावर करा. इतकी वर्षं एक इंचसुद्धा खोटा न लिहिणारी ही बाई 42 च्या जागी 38 कळवते, कारण खरा आकडा गेला तर पाण्यावर घातक प्रयोग होणार आहे. त्या खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून चिखलीत तिचा मामा गोठ्यात जनावरं परत बांधतो. आता हे मागं घेता येत नाही, आणि तिसऱ्या भागाला त्याची भरपाई करावीच लागते.

प्रश्न (गडहिंग्लज) : माझी पाच भागांची कथा मंगळावरच्या तळावर घडते. तिसऱ्या भागात शास्त्रज्ञ हवा का बिघडली ते सात मिनिटं समजावून सांगतो. माहिती आवश्यक आहे, पण प्रसंग मरतो. तोडू कसा?

उत्तर : नुसता तोडून भागणार नाही, सात मिनिटांचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे केले तर चार मेलेले प्रसंग मिळतील. माहिती कुणाला तरी काहीतरी करण्यासाठी हवी असली पाहिजे. आधी अडचण दाखवा, माहिती नंतर. तळावरच्या माणसाचं डोकं ठणकायला लागतं, त्याला साधी बेरीज जमत नाही. मग कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर शरीराला काय होतं ते ऐकायला प्रेक्षक उत्सुक असतो. एका वेळी एकच गोष्ट, 40 सेकंदांच्या आत, आणि ऐकणारा तिच्याशी असहमत असावा. ‘फिल्टर बदलू’ म्हणणारा आणि ‘फिल्टर संपलेत, माणसं कमी करा’ म्हणणारा समोरासमोर उभे केलेत की रसायनशास्त्र आपोआप बोलण्यात येतं.

तुमच्या तिसऱ्या भागातली मोठी चूक मात्र वेगळी आहे, आणि ती सुधारलीत तर लयही सुधारेल. पृथ्वीवरचा अधिकारी आणि तळप्रमुख समोरासमोर बसल्यासारखे वाद घालतात. पृथ्वी-मंगळ अंतर बदलतं तसा रेडिओ संदेशाला एका बाजूनं साधारण 3 ते 22 मिनिटांचा वेळ लागतो. कथेच्या तारखेसाठी एक आकडा ठरवून टाका, समजा 14 मिनिटं. म्हणजे प्रश्न गेल्यावर उत्तर यायला कमीत कमी 28 मिनिटं. पाचव्या पानावर ‘हवेची टाकी तोडू का?’ असा संदेश पाठवा आणि उत्तर तेहतिसाव्या पानावर येऊ द्या. मधली 28 पानं म्हणजे उत्तर यायच्या आत घ्यावे लागलेले निर्णय. मधल्या भागाला याहून चांगला कणा सापडणं अवघड आहे. उत्तर येतं तेव्हा ते निरुपयोगी ठरलेलं असावं, किंवा तळानं केलं त्याच्या नेमकं उलट असावं.

संपर्क तोडायचाच असेल तर ‘अँटेना बिघडली’ हे फार वापरून झालंय. मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हा सूर्याच्या अडथळ्यामुळे संदेश खराब होतात. साधारण 26 महिन्यांतून एकदा असं होतं आणि यानांना आज्ञा पाठवणं दोनेक आठवडे थांबवतात. पहिल्या भागात कुणाच्या तरी टेबलावरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना रेघ मारलेली दाखवून ठेवा. तिसऱ्या भागात ती रेघ आठवली की पुरे.

प्रश्न (इचलकरंजी) : मी संकलक आहे. चार भागांच्या मालिकेतला दुसरा भाग 51 मिनिटांचा झालाय, 43 वर आणायचाय. सगळीकडून थोडं-थोडं कापून 47 वर आणला, तर आधीपेक्षा जास्त कंटाळवाणा वाटतोय.

उत्तर : समान कापलं की असंच होतं. ज्या थांब्यांत अर्थ होता ते छाटले गेले, ज्या प्रसंगांत काहीच नव्हतं ते सगळे जागेवर राहिले, आणि शॉट जवळजवळ एकाच लांबीचे झाले. कान आणि डोळा एकसुरी तालाला लगेच कंटाळतात, मग तो ताल जलद का असेना. 51 मिनिटांची प्रत परत उघडा.

आधी अख्खे प्रसंग काढा. सगळ्या प्रसंगांची यादी करून पुढं वेळ लिहा. जो काढल्यावर पुढचा प्रसंग तरीही समजतो त्यावर खूण करा. आठपैकी पाच मिनिटं इथं निघाली पाहिजेत. दोन मिनिटं प्रसंगांच्या डोक्याशेपटीतून निघतील : गाडी थांबणं, दार उघडणं, ‘या, बसा’, आणि शेवटी माणूस फ्रेमबाहेर जाईपर्यंत धरलेला शॉट. उरलेलं मिनिट दोनदा सांगितलेल्या माहितीतून. पुढच्या प्रसंगाचा आवाज अर्धा-एक सेकंद आधी आणलात तर कापलेली जागा जाणवत नाही.

दोन ट्रॅक समांतर चालत असतील तर एक गोष्ट तपासा. यानातले वाट बघताहेत आणि जमिनीवरचेही वाट बघताहेत, असं असेल तर इकडून तिकडे कितीही वेळा कट मारा, वाट बघणं दुप्पट होतं. एखाद्या ट्रॅकवर परत जायचं तर तिथं दरम्यान काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. नसेल तर कमी वेळा जा आणि गेल्यावर जास्त वेळ थांबा.

विज्ञानकथेची खास अडचण ग्राफिक्सची. ‘इथं ग्राफिक्स येणार’ असं लिहिलेली सहा सेकंदांची काळी पाटी ठेवून लय ठरवू नका. ती पाटी प्रत्येकाला वेगळ्या लांबीची वाटते. तिच्या जागी पेन्सिलचं चित्र किंवा मोबाइलवर खेळण्यातलं यान धरून काढलेला शॉट घाला, अगदी खऱ्या लांबीचा. नवी वस्तू पहिल्यांदा दिसते तेव्हा डोळ्याला ती समजून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा पाच-सहा सेकंद द्या. त्यानंतर दीड-दोन पुरतात. मेहनतीनं केलेलं ग्राफिक्स आहे म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण दाखवायचा मोह होतो आणि मधला भाग तिथंच बसतो. पार्श्वसंगीताची सलग घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावली असेल तर ती पूर्ण बंद करून एकदा बघा. जिथं शांतता सहन होत नाही, तिथला प्रसंग पोकळ आहे.

मग पहिला भाग पाहिलेल्या पण दुसरा न पाहिलेल्या तिघांना बसवा. ‘आवडलं का?’ विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. पंधराव्या आणि तिसाव्या मिनिटाला थांबवून ‘आता पुढं काय होईल?’ एवढंच विचारा. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तर मधली पंधरा मिनिटं कथेनं काही केलेलं नाही.

प्रश्न (कसबा बावडा) : मधला भाग शिकण्यासाठी कुठल्या मालिका बघाव्यात?

उत्तर : तीन सांगतो. कथानक उघड होईल, तेव्हा आधी बघून मग हे वाचलं तरी चालेल.

‘स्टार ट्रेक’ मालिकांपैकी ‘डीप स्पेस नाइन’च्या 1993 साली आलेल्या दुसऱ्या हंगामाची सुरुवात सलग तीन भागांच्या कथेनं होते. मधला भाग ‘द सर्कल’. त्यात अंतराळस्थानकावरची अधिकारी मेजर कीरा हिचं अपहरण आहे आणि सुटकाही आहे, पण दोन्ही त्याच भागात उरकतात, भागाचा शेवट तिच्यावर लोंबकळत नाही. तिच्या ग्रहावरच्या बंडखोरांना शस्त्रं मुळात कार्डेशियन, म्हणजे त्या ग्रहाचे जुने शत्रूच, पुरवताहेत हे मोठं गुपित तिथंच फुटतं, तिसऱ्या भागापर्यंत थांबत नाही. ते बंडखोरांना स्वतःला ठाऊक नाही, म्हणून तिसरा भाग ते लोकांपर्यंत पोचवण्याचा होतो.

दुसरी 2009 ची ‘टॉर्चवुड : चिल्ड्रन ऑफ अर्थ’. पाच भाग, बीबीसीवर सलग पाच रात्री. बरोबर मधल्या, तिसऱ्या दिवशी परग्रहवासी येतात आणि पृथ्वीवरच्या दहा टक्के मुलांची मागणी करतात. ‘कोण येणार?’ संपतं आणि पुढचे दोन भाग ‘सरकार कुठली मुलं निवडणार?’ यावर जातात. परग्रहवासी धुरानं भरलेल्या काचेच्या टाकीत असतो, जवळजवळ दिसतच नाही. कमी खर्चात किती धाक बसतो ते तिथं बघा.

तिसरी, चुका आणि इलाज दोन्ही शिकवणारी, जुनी ‘डॉक्टर हू’. 25 मिनिटांचे चार किंवा सहा भाग अशा कथा असत, आणि सहा भागांच्या कथांत तिसऱ्या ते पाचव्या भागात पकडणं-सुटणं वारंवार येतं. 1976 च्या ‘द सीड्स ऑफ डूम’मध्ये इलाज सापडतो : पहिले दोन भाग अंटार्क्टिकात, उरलेले चार इंग्लंडमध्ये. तिसऱ्या भागात जागा, माणसं आणि धोक्याचं रूप, सगळंच नव्यानं सुरू होतं. सहाचं ओझं दोन आणि चारमध्ये वाटलं जातं. तुमची कथा पाच-सहा भागांची असेल आणि मध्ये ढेपाळत असेल तर हीच वाटणी आधी करून बघा.

प्रश्न (मंगळवार पेठ) : ‘मागील भागात’ किती लांब असावं?

उत्तर : 40 ते 50 सेकंद. मागच्या भागातलं सगळ्यात भारी दाखवायचं नाही; या भागात जे आठवावं लागणार आहे तेवढंच दाखवायचं. या भागातल्या कलाटणीशी जोडलेला शॉट शेवटी ठेवू नका, प्रेक्षक तिथंच ओळखतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या जागी दडवा. आणि ‘मागील भागात’ दिलंय म्हणून पहिल्या प्रसंगात पात्रांनी तेच पुन्हा एकमेकांना सांगत बसू नये. पुष्कळ मधल्या भागांची पहिली तीन मिनिटं तिथंच वाया जातात.